अनर्थातून आलेले हित

गोदावरी आणि पैनगंगा या दोन नद्यांच्या मधल्या मुलखात सातमाळ्याच्या डोंगररांगांनी जे पठार उचलून धरले आहे, त्यावर उटनूर वसले आहे. आज हा भाग तेलंगण राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात मोडतो. १९४८ पर्यंत तो निजामाच्या अमलाखाली होता आणि त्याच्याही पूर्वी चांद्याच्या गोंड राजांची सत्ता येथवर पोहोचत होती. घरात गोंडी, बाजारात मराठी, कचेरीत उर्दू आणि दक्षिणेकडून हळूहळू वर सरकणारी तेलुगू, अशा चार भाषांमध्ये येथील माणसाचा संसार चाले. गोंडांचे वंशगायक जे परधान, ते तर आपसांत मराठीच बोलत आणि यजमानाच्या देवकार्यात किंगरी हाती घेतली म्हणजे गोंडीत गाऊ लागत. विसाव्या शतकातील महायुद्धांचा इतिहास लिहिणाऱ्याला या पठाराचे नाव ठाऊक असण्याचे काही कारण नाही, कारण त्या युद्धांतील एकही लढाई येथे झाली नाही. तथापि धर्मविचारातील एक अतिशय जुना आणि आजवर कोणत्याही पंथाला समाधानकारकपणे न सुटलेला प्रश्न या पठारावर इतक्या उघड्या स्वरूपात उभा राहिला आहे की, तो पाहण्यासाठी कुरुक्षेत्रापर्यंत जाण्याची गरज पडू नये.

प्रश्न असा की, एखाद्या घोर अनर्थाच्या पोटी निःसंशय हित जन्माला आले, तर त्या हिताचे श्रेय त्या अनर्थाला द्यावयाचे काय? आणि द्यावयाचे नसेल, तर ते कोणाच्या खात्यावर जमा करावयाचे?

हकीकत थोडी विस्ताराने सांगितली पाहिजे. निजामाचे राज्य महायुद्धांपासून दूर होते असे मात्र नव्हे. पहिल्या महायुद्धात मीर उस्मान अली खान यांनी इंग्रजांना जो पैसा पुरविला, त्यातून ब्रिटिश विमानदळाची एक तुकडी उभी राहिली. ‘हैदराबाद’ हे नाव धारण करणारी ती ११० क्रमांकाची तुकडी १९१८ साली जर्मन शहरांवर बॉम्ब टाकून आली, आणि ब्रिटिश सरकारचा विश्वासू दोस्त ही पदवी निजामाला मिळाली. ज्या खजिन्यातून ही विमाने उडाली, त्या खजिन्यात रयतेचा महसूल होता. त्याच काळात त्या रयतेपैकी जी अगदी टोकाची, म्हणजे डोंगरातील गोंड व कोलाम रयत, तिच्या पायाखालची जमीन मात्र निसटू लागली होती. जंगल खात्याने राखीव जंगलाच्या सीमा आखल्या आणि पिढ्यान्‌पिढ्या कसलेली शेते एका रेघेसरशी सरकारी झाली. जी सीमेबाहेर राहिली, तीही बहुधा ‘शिवाय जमाबंदी’ या सदराखाली कसली जात. म्हणजे सारा भरावयाचा, परंतु पट्टा नाही. काजीपेठ ते बल्लारशा ही रेल्वे झाली, सडका आल्या, आणि त्यांच्यामागोमाग ज्यांना पटवाऱ्याचे दफ्तर वाचता येत होते अशी माणसे आली. या माणसांत तेलुगू होते, मुसलमान होते, बंजारे होते आणि मराठी बोलणारे कुणबी, ब्राह्मण, देशमुखही होते, हे मराठी वाचकाने विसरू नये. जमीन कसणाऱ्याचे नाव कागदावर नव्हते आणि कागदावर ज्याचे नाव चढले त्याने ती जमीन पूर्वी पाहिलेलीही नव्हती, असे प्रकार गावोगाव घडले.

१९४० साली आसिफाबादच्या बाजूच्या डोंगरात बाबेझरी व जोडेघाट परिसरातील बारा वाड्यांच्या जमिनीसाठी कुमराम भीम उभा राहिला. अर्ज झाले, विनंत्या झाल्या, शेवटी पोलिसांच्या बंदुका झाल्या, आणि जोडेघाटच्या डोंगरावर भीम आपल्या काही साथीदारांसह मारला गेला. त्याची पुण्यतिथी आश्विन पौर्णिमेला पाळली जाते. राज्यकर्त्यांच्या दृष्टीने एवढ्यावर प्रकरण मिटले होते.

आता दुसरा धागा. क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेन्डॉर्फ हा व्हिएन्ना शहरात १९०९ मध्ये जन्मलेला मानववंशशास्त्रज्ञ. पूर्वी नागांमध्ये राहून आलेला हा विद्वान १९३९ साली पत्नी बेटी एलिझाबेथ हिच्यासह हैदराबादेत आला, तो काही काळ संशोधन करून परत जाण्यासाठी. पण त्याच्या आधीच्या वर्षी, १९३८ च्या मार्च महिन्यात, हिटलरने ऑस्ट्रिया गिळला होता आणि त्यामुळे त्या देशातील माणसांचे पारपत्र जर्मन झाले होते. सप्टेंबरात युद्ध पुकारले गेले आणि हा मनुष्य एका दिवसात शत्रुराष्ट्राचा प्रजाजन ठरला. त्याच्यासारखाच दुसरा एक ऑस्ट्रियन, हाइनरिख हारर नावाचा गिर्यारोहक, पकडला जाऊन आपल्या अहमदनगरच्या बंदिछावणीत पडला आणि पुढे डेहराडूनहून निसटून तिबेटात पोहोचला. हायमेन्डॉर्फला ओळखीपाळखीचा आधार मिळाला. निजामाच्या राज्याबाहेर जाऊ नये एवढ्या अटीवर त्याला मोकळे ठेवण्यात आले. जावयाचे कोठे? तो आधी चेंचूंमध्ये गेला, मग गोदावरीकाठच्या कोंडा रेड्ड्यांमध्ये, आणि भीमाच्या बंडाने दचकलेल्या सरकारला जेव्हा गोंडांच्या असंतोषाची कारणे समजून घेण्याची निकड भासली, तेव्हा उटनूरच्या पठारावर.

त्याने मारलवाई या गोंड खेड्यात झोपडी बांधून मुक्काम केला. पुढे जे घडले ते संस्थानी कारभारात विरळा म्हणावे असे होते. महसूल मंत्रिपदावर आलेला ग्रिगसन हा स्वतः बस्तरच्या माडिया गोंडांवर ग्रंथ लिहिलेला अधिकारी असल्यामुळे हायमेन्डॉर्फचे अहवाल दप्तरात धूळ खात पडले नाहीत. १९४३ मध्ये मारलवाईत शिक्षक तयार करण्याचे केंद्र निघाले. थोडीफार मराठी लिहिता-वाचता येणारे जे मोजके गोंड तरुण सापडले, त्यांनाच हाताशी धरून गोंडी भाषेची वाचनमाला देवनागरी लिपीत तयार झाली. ‘लावणी खास’ नियमांखाली गोंड व कोलाम कुटुंबांना विनामूल्य जमिनीचे पट्टे देण्यास प्रारंभ झाला आणि १९४९ पर्यंत सुमारे १,६०,००० एकर जमीन अकरा हजारांहून अधिक कुटुंबांच्या नावे लागली. १३५६ फसली साली आदिवासी क्षेत्रासाठी स्वतंत्र कायदा झाला. केसलापूरच्या नागोबाच्या जत्रेत, जेथे मेसराम कुळाचे लोक पौष अमावास्येला गोदावरीचे पाणी आणून देवाला घालतात, तेथे अधिकाऱ्यांनी येऊन लोकांची गाऱ्हाणी ऐकावी असा दरबारही त्याच दशकात सुरू झाला आणि तो अद्याप भरतो. हैदराबादच्या मुलकी सेवेतील आपले सेतुमाधवराव पगडी हेही या कामात होते. गोंडी आणि कोलामी या दोन्ही भाषांची व्याकरणे लिहिण्याइतके ते त्या माणसांच्या जवळ गेले. मराठी वाचक त्यांना शिवकालाचे इतिहासकार म्हणून ओळखतो आणि त्यांच्या आयुष्यातले हे प्रकरण सहसा उघडून पाहत नाही, ही आमच्या अभिरुचीची एक मर्यादाच होय.

तेव्हा साखळी अशी जुळते: हिटलरने ऑस्ट्रिया घेतला नसता तर हायमेन्डॉर्फ जर्मन ठरला नसता, युद्ध झाले नसते तर तो अडकला नसता, अडकला नसता तर तीन-चार वर्षे एका संस्थानाच्या रानावनात काढण्याचे त्याला कारण नव्हते, आणि तो तेथे नसता तर त्या अकरा हजार घरांतील पट्टे, निदान त्या प्रमाणात व त्या वेळी, निघाले नसते. कार्यकारणाच्या दृष्टीने यातील एकही कडी मला कच्ची दिसत नाही. जगाच्या इतिहासातील बहुधा सर्वांत मोठ्या हत्याकांडाचा एक दूरचा परिणाम म्हणून उटनूर तालुक्यातील एका गोंडाला त्याची काळी जमीन परत मिळाली. याला आपण काय म्हणणार?

आस्तिक मनाचे पहिले उत्तर ठरलेले असते. देवाची करणी अगाध आहे. मनुष्य वाईट करतो आणि ईश्वर त्याच वाइटातून चांगले घडवितो. ख्रिस्ती धर्मात तर आदमाच्या पापालाच धन्य मानणारी प्रार्थना ईस्टरच्या पूर्वरात्री म्हटली जाते, कारण ते पाप घडले म्हणून तारणहार आला. हेगेलसारख्या तत्त्ववेत्त्याने याच श्रद्धेला बुद्धिवादाचा पोशाख चढविला. इतिहासाच्या वेदीवर राष्ट्रांची सुखे आणि माणसांची सद्गुणसंपदा बळी जाते हे त्याने कबूल केले, पण विश्वबुद्धी या सर्व विकारांना राबवून आपले कार्य साधून घेते असा निर्वाळाही दिला. आपल्याकडे गीतेच्या अकराव्या अध्यायातील विश्वरूपाचा आधार घेऊन हेच सांगण्यात येते: संहार आधीच झालेला आहे, योद्धा केवळ निमित्त.

या उत्तरातील सांत्वन मी नाकारीत नाही. दुःखात बुडालेल्या माणसाला ते तारते. परंतु ते दुसऱ्याच्या दुःखाला लावले की त्याचे स्वरूप पालटते. ज्या घटनेने हायमेन्डॉर्फच्या हाती जर्मन पारपत्र ठेवले, त्याच घटनेने ऑस्ट्रियातील ज्यूंच्या दारावर खूण केली आणि त्यांपैकी सुमारे ६५,००० माणसे मारली गेली. ज्या १९४३ साली मारलवाईत पहिल्या गोंड शिक्षकांनी पाटी हातात घेतली, त्याच साली, त्याच युद्धाच्या धामधुमीत, बंगालमध्ये दुष्काळ पडून तीस लाखांच्या आसपास माणसे मेली. ईश्वराने युद्धातून उटनूरचे हित साधले असे म्हणणाऱ्याने बंगालचे काय साधले तेही सांगितले पाहिजे. आणि ते सांगता येत नसेल तर उटनूरबद्दलही मौन पाळणे अधिक भक्तीचे ठरेल. देवाच्या वतीने जमाखर्च मांडणारे कारकून पुष्कळ झाले. त्यांच्या ताळेबंदावर मेलेल्यांची सही कोठेही दिसत नाही.

दुसरे उत्तर कर्मविपाकाचे. गोंडांचे काही पूर्वसुकृत फळास आले आणि युद्ध हे त्या फळाचे केवळ वाहन झाले, असे म्हणणारा पंडित आपल्याकडे आजही भेटेल. हे उत्तर पहिल्याहून निष्ठुर आहे. पट्टा मिळाला तो पुण्याईने, तर राखीव जंगलाच्या सीमेत सापडून ज्यांच्या झोपड्या जाळल्या गेल्या त्या कोणत्या पापाने? जंगलरक्षकाने मागितलेली लाच हीसुद्धा प्रारब्धाचीच वसुली ठरते, आणि मग जंगलरक्षकाला दोष देण्याचे कारणच उरत नाही. कर्मसिद्धान्त हा कर्त्याने स्वतःला लावून घेण्याचा नियम आहे. मी केले त्याचे फळ मी भोगीन, यात एक प्रकारचे धैर्य आहे. परंतु दुसऱ्याच्या विपत्तीचे स्पष्टीकरण म्हणून तो वापरला गेला की तो अत्याचार करणाऱ्याचा वकील होतो. शिवाय हा सिद्धान्त एकट्या जीवाचा हिशेब ठेवतो. पाच-सहा वर्षे चाललेल्या आणि कोट्यवधी माणसांनी अंशाअंशाने केलेल्या महायुद्धासारख्या कृत्याचे फळ कोणत्या जीवाने कोणत्या जन्मी भोगावयाचे, याची व्यवस्था त्यात नाही, आणि प्राचीनांना असे युद्ध माहीत नसल्यामुळे ती असण्याची अपेक्षाही करू नये.

या ठिकाणी लोकमान्यांकडे वळणे मला आवश्यक वाटते, आणि ते केवळ गीतेसाठी नव्हे. ‘गीतारहस्य’ हा ग्रंथ १९१० च्या हिवाळ्यात मंडालेच्या तुरुंगात लिहिला गेला; विनोबांची ‘गीता प्रवचने’ १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात झाली आणि साने गुरुजींनी ती टिपून घेतली; ‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगात लिहिली गेली; नेहरूंचा हिंदुस्थानाचा शोध अहमदनगरच्या किल्ल्यात पुरा झाला. मराठी माणसाच्या घरातील निम्मी आदरणीय पुस्तके इंग्रज सरकारच्या कोठडीतून आली आहेत. तरीही आजपर्यंत कोणा मराठी माणसाने, अगदी विनोदाने म्हटले असेल तर असो, ‘गीतारहस्या’चे श्रेय ज्या न्यायमूर्तीने टिळकांना सहा वर्षांची शिक्षा ठोठावली त्याला दिलेले नाही. आपण सहजबुद्धीने जाणतो की कोठडीने फक्त एकांत दिला, आणि तोही देण्यासाठी दिला नाही. त्या एकांताचे काय करावयाचे हे आत बसलेल्या माणसाने ठरविले. त्याच कोठड्यांत दुसरे शेकडो कैदी वेडे झाले किंवा मेले.

टिळकांच्या विवेचनातील एक मुद्दा येथे कामास येतो. कर्माची योग्यता केवळ बाह्य परिणामावरून ठरविणाऱ्या आधिभौतिक पंथाला ते अपुरा म्हणतात आणि कर्त्याच्या बुद्धीकडे पाहण्यास सांगतात. ही कसोटी युद्धाला लावली तर निकाल चटकन लागतो: उटनूर हे नाव ज्यांनी पोलंडवर रणगाडे घातले त्यांच्या बुद्धीत नव्हते, आणि ज्यांनी त्यांच्याशी युद्ध पुकारले त्यांच्याही नव्हते. जे कोणाच्याच बुद्धीत नव्हते ते कोणाचेच कर्म नव्हे. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्मसिद्धीची जी पाच कारणे गणली आहेत, म्हणजे अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव, त्यांत दैव हे पाचवे आहे, पहिले नव्हे. आणि आपल्या पुराणिकांनी त्या पाचव्यालाच पाटावर बसवून उरलेल्या चौघांना ओसरीवर ठेवले, ही आपल्या धर्मचिंतनातील फार जुनी आळसाची वाट आहे. उटनूरच्या बाबतीत महायुद्ध ते पाचवे कारण होते. कर्ता निराळा, आणि चेष्टा तर पुष्कळांची.

खरे म्हणजे या प्रकरणात आद्य चेष्टा भीमाची. हायमेन्डॉर्फचे चरित्र लिहिणारे त्याच्या मारलवाईतील मुक्कामापासून आरंभ करतात, पण सरकारला गोंड दिसू लागले ते जोडेघाटच्या प्रेतांमुळे. भीमाला फळ मिळाले नाही. त्याला बंदुकीची गोळी मिळाली. त्याच्या बुद्धीत मात्र त्या बारा वाड्यांची जमीन स्पष्टपणे होती. उलटपक्षी युद्धाच्या बुद्धीत काहीच नव्हते आणि फळ मात्र त्याच्या मागून आले. परिणामवादी मनुष्य येथे गोंधळात पडतो, कारण त्याच्या मापाने भीम अपयशी आणि युद्ध उपकारक ठरते. या पठारावरील साध्या माणसांना हा गोंधळ कधी पडला नाही. जोडेघाटला दरवर्षी लोक जमतात, आणि मारलवाईत हायमेन्डॉर्फ पतिपत्नीच्या स्मारकापाशीही जमतात; १९८७ साली हैदराबादेत निवर्तलेल्या बेटीला मारलवाईच्याच मातीत जागा मिळाली. कृतज्ञता ही त्यांनी माणसांच्या ठायी ठेवली आहे.

ही समज त्यांना कोठून आली असावी? माझा तर्क असा की ती त्यांच्या देवकथेतच आहे. कली कंकालीची मुले म्हणजे गोंडांचे आदिदेव. श्रीशंभू महादेवाने त्यांना गुहेत कोंडून तोंडावर धोंड लोटली, आणि पहांडी कुपार लिंगल याने जंगूबाईच्या साहाय्याने त्यांना सोडविले, ही कथा परधान देवकार्यात गातात. देवच कैदी झाल्याची कथा इतर धर्मांतही आहे. आपला श्रीकृष्ण बंदिशाळेतच जन्मला. परंतु गोंडांच्या कथेचा रोख मला निराळा वाटतो. गुहेत कोंडल्यामुळे देवांचे काही भले झाले, त्यांची पापे धुऊन निघाली, ते तावून-सुलाखून निघाले, असे काही तीत सांगितलेले नाही. कोंडले ते वाईट झाले, आणि सोडविणाऱ्याने सोडविले ते चांगले झाले. दोन गोष्टी दोन ठिकाणी. काही परंपरांत तर असे सांगतात की, धोंड हलविण्यासाठी हिरासुका नावाच्या किंगरीवादकाने आपली विद्या पणाला लावली, धोंड हलली, आणि तिच्याखाली सापडून तो स्वतः मेला. परधान त्याला आपला मूळपुरुष मानतात. केरामेरीच्या डोंगरातील कोटापरंडोलीजवळच्या गुहेत पौष महिन्यात आजही यात्रा भरते, पण पूजा होते ती जंगूबाईच्या नावाने. महादेवाचा राग हे एक निमित्त होते म्हणून त्या रागाला कोणी नैवेद्य दाखवीत नाही. आमच्या वेदान्ताला जे सांगताना दहा अध्याय लागतात, ते या कथेने गुहा, धोंड आणि माणूस एवढ्या सामग्रीत सांगितले आहे, असे म्हटले तर कोणी पंडित रागावू नये.

यावर एक आक्षेप येईल आणि तो टाळण्यासारखा नाही. हायमेन्डॉर्फ तरी निर्मळ कर्ता होता काय? ज्या सरकारने भीमाला मारले, त्याच सरकारच्या चाकरीत तो सल्लागार झाला; आणि युद्ध संपण्यापूर्वीच, १९४४ मध्ये, शत्रुराष्ट्राचा प्रजाजन ठरविणाऱ्या त्याच इंग्रजांनी त्याला आसामच्या पलीकडे सुबनसिरीच्या खोऱ्यात विशेष अधिकारी म्हणून पाठविले. सत्तेला त्याचा उपयोग होता. बंडाची कारणे शोधणे म्हणजे पुढचे बंड टाळण्याची तजवीज करणे, हा अर्थ निजामाच्या दरबारात कोणालाही अज्ञात नव्हता. हे सर्व मान्य करूनही मी एवढेच म्हणेन की, अशुद्ध साधनातून काम करणारा मनुष्य आणि कामच न करणारी घटना यांत अंतर आहे. माणसाला आपण विचारू शकतो, दोष देऊ शकतो, त्याच्याकडून अधिकाची मागणी करू शकतो. युद्धाला काय विचारणार?

१९४८ च्या सप्टेंबरात पोलीस कारवाई झाली, पाच दिवसांत निजामी संपली आणि रझाकारांचा जाच थांबला. मराठवाड्यात आपण १७ सप्टेंबर हा मुक्तिदिन म्हणून पाळतो, आणि पाळावाच. परंतु त्यानंतरच्या आठवड्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर, नांदेड या जिल्ह्यांत मुसलमान वस्तीवर जे ओढवले, ज्याची चौकशी करून पंडित सुंदरलाल समितीने मृतांचा आकडा अत्यंत सावधपणे धरूनही २७,००० ते ४०,००० सांगितला, तो अहवाल कित्येक दशके बंद राहिला. येथे प्रश्नाची दिशा उलटते. अनर्थातून हित कसे येते हे विचारून झाले. हितातून अनर्थ आला तर तो कोणाच्या खात्यावर?

तेच उटनूरलाही लागू आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचना झाली. आदिलाबाद जिल्ह्यातील राजुरा आणि किनवट हे तालुके मराठी मुलखात आले आणि उटनूर आंध्र प्रदेशात गेले. तीच गोंडी, तीच कुळे, तेच देव रेषेच्या दोन्ही बाजूंना राहिले. मारलवाईच्या देवनागरी वाचनमालेला आता कोणत्याच बाजूला आश्रयदाता उरला नाही. इकडच्या गोंड मुलाला पहिल्या इयत्तेपासून मराठी आली आणि तिकडच्याला तेलुगू. पुढे पट्ट्याच्या जमिनीही गेल्या. १९५९ चा जमीन हस्तांतरणाचा कायदा १९६३ मध्ये तेलंगणास लागू झाला, १९७० मध्ये अधिक कडक झाला, तरी सावकारी आणि नव्या वसाहतवाल्यांची रीघ थांबली नाही. सत्तरीच्या दशकाच्या उत्तरार्धात हायमेन्डॉर्फ पुन्हा या पठारावर फिरला, तेव्हा आपल्या डोळ्यांदेखत मिळालेली जमीन हातची गेलेली कुटुंबे त्याला भेटली, आणि त्याने ते लिहून ठेवले. २० एप्रिल १९८१ रोजी इंद्रवेल्लीच्या बाजारात जमिनीच्या मागणीसाठी जमलेल्या गोंडांवर पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकडा १३ मृतांचा, लोक सांगतात तो पुष्कळ मोठा. यात हिटलर नव्हता, निजाम नव्हता, महायुद्ध नव्हते. स्वराज्य होते, निवडून आलेले सरकार होते, आणि सीमारेषा आखण्यामागे भाषेचे प्रेम होते. ज्या चळवळीने ही रेषा मागितली तिच्यात आमचे वडीलधारे होते आणि तिचा मला अभिमान आहे.

तेव्हा युद्धाला लावलेला न्याय स्वतःला लावून पाहणे प्राप्त आहे. युद्धाला आपण श्रेय नाकारले, कारण उटनूर त्याच्या ध्यानीमनी नव्हते. तेच कारण पुढे करून भाषावार प्रांतरचनेला दोषातून मुक्त करता येईल काय? वरवर पाहता येईल, कारण गोंडांचे वाईट करावे असे त्या आंदोलनात कोणाच्याच मनात नव्हते. परंतु येथे एक फरक आहे. रणगाडे पोलंडमध्ये शिरताना आदिलाबादच्या डोंगरात कोणाचे काय होईल, हे जाणण्याचा मार्ग कोणालाही उपलब्ध नव्हता. १९५५ साली राज्यपुनर्रचना आयोगापुढे नकाशे पसरले होते तेव्हा मात्र चांदा, यवतमाळ, आदिलाबाद आणि बस्तर येथील गोंडांची वस्ती जनगणनेच्या तक्त्यांत छापलेली होती, हायमेन्डॉर्फचे अहवाल दहा वर्षांपूर्वीच प्रसिद्ध झाले होते आणि पगडींचे पुस्तक दुकानांत मिळत होते. मराठीची बाजू मांडणाऱ्यांनी राजुऱ्यातील मराठी भाषकांची टक्केवारी काढली, तेलुगूच्या कैवाऱ्यांनी आपली काढली, आणि गोंडी बोलणारे ज्या त्या बाजूच्या सोयीने मोजले गेले. जे जाणता येत होते आणि ज्याच्याकडे पाहण्याचे कोणाला सुचले नाही, ते दैवाच्या सदरात घालता येत नाही; ते कर्त्याच्या सदरातच राहते, आणि त्या सदरात आमची नावे आहेत.